गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्कर आणि स्वरांची लिपि

कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमाजवळच्या कुरुंदवाड गांवीं ता. १८ ऑगस्ट १८७२ रोजीं एका कीर्तनकाराच्या घरीं एक मूल जन्मास आलें. वडिलांचें नांव दिगंबर गोपाळ. घराण्याचें मूळ आडनांव गाडगीळ; परंतु पूर्वज पलूस गांवचे, म्हणून लोक त्यांस पलुस्कर म्हणूं लागले, आणि पुढें तेंच नांव हिंदुस्थानभर गाजलें. पलूस आज सांगली जिल्ह्यांत आहे. हा जिल्हा १९४९ सालीं दक्षिण सातारा या नांवानें अस्तित्वांत आला व १९६० सालीं त्यास सांगली हें नांव मिळालें. तेव्हां सातारकर व सांगलीकर या दोघांसही या पुरुषावर थोडाबहुत हक्क सांगतां येईल. कुरुंदवाड कोल्हापूर जिल्ह्यांत असल्यानें कोल्हापूरकरांचा हक्क तर जन्माचाच आहे. तो आम्ही नाकारीत नाहीं.

गायक म्हणून पंडितजींची थोरवी सांगणारीं चरित्रें पुष्कळ आहेत. आम्ही येथें त्यांच्या एकाच उद्योगाकडे विशेष लक्ष देणार आहों, आणि तो म्हणजे गाणें कागदावर उतरविण्यासाठीं त्यांनीं बसविलेली लिपि. यास कारण आहे. आमच्या विद्यार्थी-वाचकांपैकीं पुष्कळजण आतां संगणकाच्या भाषा शिकतात, आणि भाषा एकच असूनही ती यंत्रास समजावून देणारा कंपायलर बदलला कीं तोच मजकूर निराळा चालतो, असा अनुभव त्यांस येतो. अमुक सोय या कंपायलरांत आहे, त्यांत नाहीं. अमुक खुणेचा अर्थ येथें एक, तेथें दुसरा. ही अडचण संगणकाबरोबर जन्मली असें त्यांस वाटत असेल, पण तसें नाहीं. मिरजेस शिकलेल्या या गवयाच्या आयुष्यांत ती पुरती भरलेली आहे.

विष्णु लहान असतांना दत्तजयंतीच्या उत्सवांत एक फटाका त्याच्या तोंडाशीं फुटला व दोन्ही डोळ्यांस इजा झाली. उपचारासाठीं त्यास मिरजेस आणलें. तेथील डॉ. भडभडे यांच्या औषधोपचारानें दृष्टि कांहीं अंशीं परत आली, परंतु शाळेंतील शिक्षण पुढें चालविण्याइतकी ती राहिली नाहीं. मुलाचा गळा गोड होता, घरांत कीर्तन होतें. डॉक्टरांच्या ओळखीनें तो मिरजेचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पटवर्धन यांच्या नजरेस आला, आणि त्यांनीं त्यास दरबारचे गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्या स्वाधीन केलें. ज्याचे डोळे अधू झाले त्यानेंच पुढें कानाची विद्या डोळ्यांपुढें मांडण्याचा ध्यास घ्यावा, हा योग विलक्षण खरा.

बाळकृष्णबुवांचा अधिकार फार मोठा. ग्वाल्हेरचे वासुदेवबुवा जोशी यांजपाशीं राहून व अतिशय कष्ट सोसून त्यांनीं ख्यालगायन संपादिलें होतें, आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रांत रुजविण्याचें श्रेय मुख्यतः त्यांसच दिलें जातें. त्यांची शिकविण्याची रीत जुनीच होती. शिष्यानें गुरूच्या घरीं राहावें, पडेल तें काम करावें, गुरु गातील तेव्हां ऐकावें व ऐकलेलें घोकावें. चीज केव्हां द्यावी, किती द्यावी, द्यावी कीं नाहीं, हें सर्वस्वी गुरूच्या मर्जीवर. कागदाचा संबंध आलाच तर चिजेचे शब्द टिपून ठेवण्यापुरता. स्वर लिहिण्याची चाल नव्हती. या रीतीनें तयार होणारा गवई उत्तम तयार होई, याबद्दल वाद नाहीं. पण अशीं माणसें किती निघत? गुरु वारला कीं न दिलेल्या चिजा त्याच्याबरोबर जात, आणि दिलेल्या चिजाही दोन शिष्यांच्या मुखीं दोन प्रकारच्या होत.

मिरजेंतील एक प्रसंग चरित्रकार आवर्जून सांगतात. गांवांतील एका समारंभास विष्णूस निमंत्रण आलें, कारण तो श्रीमंतांच्या आश्रयाखालचा मुलगा. परंतु त्याच्या गुरूंस बोलावणें नव्हतें, कारण ते केवळ गवई. ज्यांच्या पायाशीं बसून विद्या घ्यावयाची त्यांस पंगतींत पान नाहीं, ही गोष्ट त्या तरुणाच्या मनांत सलत राहिली असें म्हणतात. प्रसंग अगदीं जसाच्या तसा घडला असो वा नसो, पुढील आयुष्यभर विष्णुबुवांनीं जें केलें तें या एका अपमानाचें उत्तर म्हणून वाचतां येतें. १८९६ सालीं गुरूंशीं कांहीं मतभेद होऊन त्यांनीं मिरज सोडली. तेव्हां त्यांचें वय चोवीस वर्षांचें होतें.

पुढील पांच वर्षें प्रवासाचीं. बडोदें, ग्वाल्हेर यांसारखीं संस्थानें त्यांनीं पाहिलीं; सौराष्ट्रांत दरबाराचा आश्रय न घेतां सर्वसामान्य लोकांपुढें सार्वजनिक जलसा केला, ही त्या काळीं नवी गोष्ट होती; मथुरेस राहून व्रजभाषा व धृपदें शिकले. याचा विस्तार आम्ही करीत नाहीं. ता. ५ मे १९०१ रोजीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, आणि येथून आमच्या विषयास खरा आरंभ होतो.

ही शाळा राजाच्या देणगीवर उभी नव्हती. विद्यार्थ्यांची फी, जलशांचें उत्पन्न व लोकांच्या वर्गण्या यांवर ती चालावयाची. कोणीही यावें, फी भरावी व ठरलेल्या तासास शिकावें. आतां असें पाहा, कीं वर्गांत वीस मुलें आहेत, त्यांतील कोणीही गुरूच्या घरीं राहत नाहीं, घंटा झाली कीं सर्व आपापल्या घरीं जातात आणि दुसऱ्या दिवशीं कालचें निम्में विसरून येतात. शिवाय शाळा वाढली कीं एकटा गुरु पुरत नाहीं. दुसरा शिक्षक लागतो, आणि त्यानें तीच चीज त्याच रीतीनें शिकविली पाहिजे. इयत्ता पाडली कीं परीक्षा आली, परीक्षा आली कीं उत्तर बरोबर कीं चूक हें ठरविण्यास कांहीं तरी लिखित आधार हवा. एकूण काय, शाळा हवी तर पुस्तक हवें, आणि पुस्तक हवें तर स्वरांस लिपि हवी.

लिपीची कल्पना पंडितजींचीच होती असें मात्र कोणी समजूं नये. बडोद्यास मौलाबक्ष यांनीं त्यांच्यापूर्वींच स्वरलेखनाची पद्धति बसवून गायनशाळा चालविली होती. बंगाल्यांत क्षेत्रमोहन गोस्वामी यांची दंडमात्रिक पद्धति होती, आणि तिच्या मागून आकारमात्रिक पद्धति आली, जींत रवींद्रनाथांचीं गीतें आजही छापलीं जातात. प्रत्येक प्रांतांत, किंबहुना प्रत्येक मोठ्या शिक्षकापाशीं, स्वतःची लिपि होती. पंडितजींनीं तींत आपली एक भर घातली. पण ती इतक्या कसोशीनें घातली, कीं तिच्याकडे अंमळ थांबून पाहणें प्राप्त आहे.

सा, रे, ग, म हीं अक्षरें तर सर्वांनाच हवीं. प्रश्न असतो तो त्यांच्या भोंवतीं काय लिहावें याचा. स्वर खालच्या सप्तकांतला कीं वरच्या? शुद्ध कीं कोमल? आणि सर्वांत अवघड म्हणजे, तो किती वेळ धरावयाचा? पंडितजींच्या पद्धतींत, तिचें जें रूप पुढें प्रचारांत आलें त्याप्रमाणें, मंद्र सप्तकाच्या स्वरावर टिंब देतात व तार सप्तकाच्या स्वरावर उभी रेघ. कोमल स्वरास अक्षराचा पाय मोडल्यासारखी खूण. काळाचें मान प्रत्येक स्वराच्या खालीं स्वतंत्र लिहावयाचें: एक मात्रेस आडवी रेघ, अर्ध्या मात्रेस लहान शून्य, पाव मात्रेस अर्धवर्तुळ. तालाची सम १ या आंकड्यानें दाखवावयाची व खाली जागा अधिकाच्या खुणेनें. अर्थात् प्रत्येक स्वर आपल्या काळाचा दाखला स्वतःबरोबर घेऊन चालतो. मागच्या-पुढच्या स्वरांकडे पाहून अंदाज करावा लागत नाहीं. अचूकपणाच्या दृष्टीनें ही योजना उत्तमच. परंतु छापखान्यांतील जुळाऱ्यास ती किती जाचक होईल याची कल्पना करा. अक्षराच्या वर एक खूण, खालीं एक खूण, क्वचित् खालींच दुसरी खूण. इतके बारीक ठसे एका ओळींत बसवावयाचे. पंडितजींनीं लाहोरास स्वतःचा छापखाना काढला, त्याचें एक कारण आमच्या मतें हेंच असलें पाहिजे. संगीत बालप्रकाशाचे तीन भाग, रागांवरील अठरा पुस्तकें व संगीतामृत प्रवाह हें मासिक, एवढें वाङ्मय त्यांनीं प्रसिद्ध केलें.

याच सुमारास मुंबईस दुसरे एक विष्णु याच कामास लागले होते. विष्णु नारायण भातखंडे हे १८६० सालीं वाळकेश्वरास जन्मलेले, व्यवसायानें वकील. त्यांचा मार्ग अगदीं निराळा. ते देशभर हिंडून निरनिराळ्या घराण्यांच्या उस्तादांकडून चिजा मिळवीत, जुने ग्रंथ ताडून पाहत, रागांचीं लक्षणें ठरवीत. त्यांनीं सर्व राग दहा थाटांत बसविले, आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत शेकडों चिजा स्वरलिपींत छापल्या. त्यांची लिपि साधी आहे. मंद्र स्वराच्या खालीं टिंब, तार स्वराच्या वर टिंब. कोमल स्वराखालीं आडवी रेघ. समेस गुणाकाराची खूण, खालीस शून्य. आणि एका मात्रेंत जितके स्वर बसवावयाचे तितक्यांच्या खालीं एक अर्धवर्तुळ. काळ प्रत्येक स्वरास वेगळा लिहावयाचा नाहीं. तो घरें मोजून समजावयाचा.

वाचकांनीं आतां दोन्ही पद्धति शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. खुणा बहुतेक त्याच आहेत, अर्थ मात्र वेगळे. समजा, कागदावर ग हें अक्षर आहे, त्याच्या वर टिंब व खालीं आडवी रेघ. भातखंडे यांच्या विद्यार्थ्यास तें दाखवा. तो वरच्या सप्तकांतील कोमल गांधार लावील. पलुस्करांच्या विद्यार्थ्यास दाखवा; तो खालच्या सप्तकांतील शुद्ध गांधार घेऊन एक मात्रा धरील. दोघांनींही आपापल्या गुरूनें सांगितल्याप्रमाणें अचूक वाचलें, आणि तरीही दोघांच्या स्वरांत एका सप्तकाहून अधिक अंतर पडलें. शून्य एकाकडे खालीची जागा, तर दुसऱ्याकडे अर्धी मात्रा. एकाचा गुणाकार म्हणजे सम, आणि दुसऱ्याची त्याच्याशीं सहज घोटाळा होण्याजोगी अधिकाची खूण म्हणजे नेमकी खाली. लिपि अजिबात परकी असती तर वाचणारा थांबून विचारता तरी. ओळखीची दिसते व अर्थ निराळा असतो, म्हणूनच ती अधिक फसविते.

संगणकाच्या विद्यार्थ्यांस येथें आपल्या अभ्यासांतील गोष्ट आठवेल. सी नांवाच्या भाषेंत एक अक्षर मावेल एवढ्या जागेंत २०० ही संख्या ठेवली व मग ती वाचली, तर एका कंपायलरावर उत्तर २०० येतें आणि दुसऱ्यावर उणे ५६. मजकुरांत एका काना-मात्रेचाही फरक नसतो. त्या जागेंत उणे संख्या धरावयाच्या कीं नाहीं, हें ज्यानें त्यानें आपापल्या यंत्राच्या सोईनें ठरविलेलें असतें. सी भाषेचें अमेरिकेंतील प्रमाण १९८९ सालीं ठरलें तेव्हां ठरविणाऱ्यांनीं हा भेद मिटविला नाहीं. कंपायलर करणाऱ्यानें आपण काय धरलें आहे तें लिहून जाहीर करावें, एवढेंच बंधन घातलें. आम्हांस तें शहाणपणाचें वाटतें. दोन्ही बाजूंस इतका मजकूर लिहून झालेला होता, कीं कोणत्याही एका अर्थाची सक्ति केली असती तर अर्ध्या जगाचें लिहिलेलें बिघडलें असतें. त्याआधीं फोर्ट्रानचीही हीच कथा. आय.बी.एम. कंपनीनें ती भाषा १९५७ सालीं बाहेर काढली, इतरांनीं आपापल्या यंत्रांसाठीं आपापल्या पुरवण्या जोडून ती उचलली, आणि प्रमाण ठरण्यास १९६६ साल उजाडलें. प्रमाण नेहमींच मागून येतें. तोंपर्यंत घराणीं पडलेलीं असतात.

संगीतांत हें प्रमाण ठरविण्याचा एक यत्न आमच्याच भागांतून झाला, आणि तो आतां पुष्कळांच्या विस्मृतींत गेला आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं १९१० सालीं बावीस श्रुतींवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. प्रत्येक श्रुति म्हणजे तारेची किती लांबी व सेकंदास किती कंपनें, हें गणितानें बांधून द्यावें अशी त्यांची खटपट होती. साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश असलेले अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज गृहस्थांस तो विषय इतका पटला, कीं १९१३ सालीं त्यांनीं स्वतः हिंदी संगीतावर ग्रंथ लिहिला, आणि श्रुतींप्रमाणें वाजेल अशी एक हार्मोनियम पेटी करविली. यांचें म्हणणें असें दिसतें, कीं खुणांचा वाद दुय्यम; आधीं स्वर म्हणजे नेमकी किती कंपनें तें ठरवा. १९१६ सालीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखालीं पहिली अखिल भारतीय संगीत परिषद् भरली. तेथें ही पेटी पुढें मांडण्यांत आली. परंतु भातखंडे यांस ती पटली नाहीं व मान्यता मिळाली नाहीं. गळा बावीस घरांत अडकून बसत नाहीं, एकाच रागांतला तोच स्वर चढतांना एक व उतरतांना दुसरा होतो, हें गाणाऱ्यांस ठाऊक होतें. देवल-क्लेमंट्स यांचा यत्न हास्यास्पद होता असें आम्ही म्हणणार नाहीं. पण प्रमाणानें किती खोल जावें यालाही मर्यादा असते, आणि ती त्यांनीं ओलांडली. भातखंडे यांनीं बारा स्वरांवर थांबून बाकीचें गुरुमुखावर सोडलें.

मग असा प्रश्न येतो, कीं दोन्ही विष्णूंनीं एकत्र बसून एक लिपि कां केली नाहीं? दोघांचा उद्देश एकच, मातृभाषा एकच, काळ एकच. १९०८ नंतर तर दोघेही मुंबईंतच. आमचें मत असें आहे, कीं या लिप्या केवळ लिप्या नव्हत्या. भातखंडे यांस संग्रह करावयाचा होता. हजारों चिजा लौकर व थोड्या जागेंत टिपून घेण्यास हलकी लिपि हवी; काळाचे बारकावे जाणत्या वाचकानें स्वतः भरून काढावे. पलुस्करांस शिकवावयाचें होतें, तेंही ज्यांनीं कधीं मैफल ऐकली नाहीं अशा मुलांस. तेथें कांहींही गृहीत धरून चालत नाहीं, म्हणून प्रत्येक स्वराखालीं काळ. आपापल्या कामास दोन्ही लिप्या योग्यच होत्या. आणि प्रत्येकाच्या मागें छापून झालेलीं पुस्तकें व त्यांवर तयार झालेले विद्यार्थी होते. आज लिपि बदलावी तर काल छापलेलें रद्दींत घालावें लागतें. मनुष्यस्वभावाचा अहंकारही थोडा असेल. दोघांमध्यें फारसें सख्य नव्हतें हें प्रसिद्धच आहे.

पंडितजींनीं मात्र आपल्या लिपीस एक मोठें बळ दिलें, आणि त्यांच्या कर्तृत्वाचा हा भाग आम्हांस सर्वांत मोठा वाटतो. नुसत्या पुस्तकानें लिपि चालत नाहीं, ती वाचणारीं माणसें लागतात, हें त्यांनीं ओळखलें. महाविद्यालयांत उपदेशकांचा एक स्वतंत्र वर्ग त्यांनीं काढला. त्यांत मुलगा घ्यावयाचा तो नऊ वर्षांच्या करारावर. राहणें, जेवण, शिक्षण सर्व संस्थेकडे, आणि शिकून बाहेर पडल्यावर त्यानें गांवोगांवीं हीच विद्या याच रीतीनें शिकवावयाची. जुन्या गुरुगृहाचा कस व नव्या शाळेची शिस्त यांचा हा मिलाफ होता. मिरजेचे विनायकराव पटवर्धन, मिरजेचेच बा. र. देवधर, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, पुढें महात्मा गांधींच्या आश्रमांत राहिलेले नारायण मोरेश्वर खरे, अशीं माणसें पंडितजींच्या हाताखालीं घडलीं. पंगतींत ज्यांस पान मिळत नव्हतें त्या गवयांच्या धंद्यांत हीं मंडळी आचार्य म्हणून वावरूं लागली. हा बदल एका पिढींत झाला.

मुंबईचा काळ वैभवाचा व संकटाचाही. १९०८ सालीं तेथें महाविद्यालयाची शाखा निघाली, पुढें तेंच मुख्य ठिकाण झालें. इमारतीसाठीं पंडितजींनीं कर्ज काढलें. फेडीची भिस्त त्यांच्या जलशांच्या उत्पन्नावर, आणि एका गळ्यावर किती ओझें पेलणार? अखेर १९२४ च्या सुमारास सावकारांनीं जप्ति आणून इमारत लिलांवांत विकली. तत्पूर्वींच त्यांचें मन भक्तिमार्गाकडे वळलें होतें. भगवीं वस्त्रें घालावीं, रामनाम घ्यावें, तुलसीरामायण गावें, असा क्रम सुरू झाला, व नाशकास त्यांनीं आश्रम केला. घरचें दुःखही कमी नव्हतें. बारा अपत्यांपैकीं एकटा दत्तात्रेय काय तो जगला. तोही पुढें बापाच्या तोडीचा गवई होऊन १९५५ सालीं ऐन तारुण्यांत गेला. पंडितजी स्वतः मिरजेस परत आले ते शेवटच्या दुखण्यांत, आणि ज्या गांवांत त्यांनीं पहिला षड्ज लावला तेथेंच ता. २१ ऑगस्ट १९३१ रोजीं त्यांचें देहावसान झालें. वय एकोणसाठ वर्षें व तीन दिवस.

शिष्यांनीं त्याच वर्षीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलें. मूळ संस्था कर्जांत बुडाली, परंतु शिकलेलीं माणसें गांवोगांवीं पसरलीं होतीं, आणि त्यांनीं पाठ्यक्रम व परीक्षा यांच्या सूत्रानें एकमेकांस बांधून घेतलें. संगणकाच्या क्षेत्रांतही प्रमाण टिकलें तें अशाच परीक्षांमुळें. अमेरिकेच्या नौदलांतील ग्रेस हॉपर या विदुषींनीं कोबोल भाषेचे कंपायलर प्रमाणाबरहुकूम चालतात कीं नाहीं हें तपासून पाहण्याची पद्धत घालून दिली. प्रमाणाचा कागद कितीही चांगला असला, तरी परीक्षेवांचून त्यास कोणी भीत नाहीं.

पण शिष्य गुरूच्या लिपीस चिकटून राहिले काय? नाहीं. मूळ लिपि फार भरगच्च, म्हणून तींत पुष्कळ सोपेपणा आणला गेला. विनायकरावांनीं रागविज्ञानाचे भाग लिहिले, ओंकारनाथांनीं संगीतांजलि लिहिली, आणि प्रत्येकानें आपल्या गायकीस हव्या त्या खुणा आपल्या मतानें बदलून वा जोडून घेतल्या. कोणास आंदोलन दाखवावयाचें, कोणास मींड, कोणास कणस्वर. एका मूळ लिपीच्या अशा शाखा फुटल्या, आणि एका शाखेचा विद्यार्थी दुसऱ्या शाखेचें पुस्तक उघडतांना आधीं त्यांतील खुणांचा तक्ता पाहूं लागला. यास कोणी गुरुद्रोह म्हणेल. आम्ही म्हणणार नाहीं. जी खूण गायकास खरोखर लागते ती प्रमाणांत नसेल, तर तो ती स्वतः करणारच. जीसीसी नांवाचा कंपायलर १९८७ पासून लोकांच्या हातीं आला. त्यानें सी भाषेस आपल्या कित्येक पुरवण्या जोडल्या, लिनक्सच्या गाभ्याचें लेखन त्या पुरवण्यांवर विसंबून झालें, आणि मागाहून आलेल्या क्लँग कंपायलरास लिनक्स चालवावयाचें तर त्या पुरवण्या शिकून घ्याव्या लागल्या. त्यांतील कांहीं पुरवण्या पुढें प्रमाणांतही शिरल्या. पुरवणी वाईट नव्हे. ती कोणती व कोणाची हें पुस्तकाच्या पहिल्या पानावर न लिहिणें हें वाईट. या बाबतींत आमच्या संगीताच्या पुस्तकांची स्थिति सारखी नाहीं. जुन्या पुस्तकांत खुणांचा तक्ता बहुधा असतो. पण एखाद्या वर्गांत मास्तरांच्या वहींतून उतरवून घेतलेल्या चिजांच्या प्रती हातोहात फिरतात त्यांवर तो नसतो, आणि वर टिंब असलेला धैवत मंद्र कीं तार हें गाऊन पाहिल्यावांचून कळत नाहीं.

आज छापील पुस्तकांत भातखंडे यांची लिपि अधिक चालते. ती हलकी आहे, लिहिण्यास सोपी आहे, व तिच्यांतील चिजांचा सांठा मोठा आहे. अचूकपणांत पलुस्करांची लिपि सरस असूनही मागें पडली. यांत अन्याय झाला असें कित्येकांस वाटतें. आमच्या मतें लिपि मागें पडली तरी तिच्यासाठीं उभी केलेली शाळा मागें पडली नाहीं, आणि पंडितजींस निवड करावयास सांगितलें असतें तर त्यांनीं शाळाच निवडली असती. त्यांच्या शिष्यांच्या मंडळानें आपल्या अभ्यासक्रमांत दोन्ही लिप्यांचा परिचय ठेविला आहे. परीक्षार्थ्यास टिंब वर असतां पलुस्कर पद्धतींत काय व भातखंडे पद्धतींत काय, हें सांगावें लागतें, आणि एका पद्धतींतील चीज दुसरींत उतरविण्याचा सराव मिरज-सांगलीकडील वर्गांत मुलें आजही करतात.